स्मरणशक्तीचा डबा घेण्याआधी

मागच्या वर्षी पोळ्याच्या आसपासची गोष्ट. सासूबाईंनी वरणात तिसऱ्यांदा मीठ टाकलं. मी म्हटलं, "आई, मीठ टाकलं होतं ना मघाशी." तर म्हणाल्या, "मी आत्ताच तं आली इथं. कोनं टाकलं?" त्या दिवशी आम्ही सगळे हसलो, त्याही हसल्या. पण आठच दिवसांनी विठ्ठल मंदिरातून घरी येताना त्या आमच्याच गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. डावीकडे वळायचं की उजवीकडे, हेच त्यांना आठवेना. शेजारच्या मुलानं हात धरून घरी आणलं. त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही.

मैत्रिणींनो, घरातलं म्हातारं माणूस विसरायला लागलं की सुनेच्या पोटात कसा गोळा येतो, ते तुमच्यापैकी अनेकींना सांगायला नको. आर्वीसारख्या गावात मेंदूचा डॉक्टर शोधायचा कुठं? वर्धा, सेवाग्राम नाही तर नागपूर. एक दिवस मोडणार, गाडीभाडं लागणार. अशा वेळी कुणी दारातच उपाय घेऊन आलं तर माणूस नाही कसं म्हणेल?

माझ्या बाबतीत तेच झालं. आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक ओळखीची बाई डबा घेऊन आली. डब्यावर मेंदूचं झगमगतं चित्र. आत ब्राह्मी, गिंको नावाच्या परदेशी झाडाच्या पानांचा अर्क, ई जीवनसत्त्व आणि ओमेगा-थ्री. महिन्याचे १,४५० रुपये. मी घेतला. मी घेतला म्हणून गटातल्या आणखी चौघींनी घेतला. "ताईंनी घेतला म्हणजे चांगलाच असंल," असं त्या म्हणाल्या. आजचा हा लेख मुख्यतः त्या चौघींसाठी आहे. उरलेल्या तुम्ही सगळ्यांनीही वाचावा.

आठ महिने आम्ही तो डबा नेमानं दिला. हिशेब केला तर ११,६०० रुपये. एखाद्या दिवशी आईंना सगळं नीट आठवायचं, की आम्ही म्हणायचो, गुण येतोय. एखाद्या दिवशी नातवाचं नाव चुकायचं, की म्हणायचो, अजून दोन महिने देऊ. मधल्या काळात त्यांच्या पायाला मुंग्या यायला लागल्या, जीभ चरचरायला लागली, चालताना तोल जायला लागला. मी म्हटलं, वय झालं. इथंच माझं चुकलं.

डॉक्टरीण बाईंनी विचारलेले प्रश्न

शेवटी उन्हाळ्यात त्यांना दवाखान्यात नेलं. मला वाटलं होतं, डोक्याचा मोठा फोटो काढायला सांगतील. डॉक्टरीण बाईंनी आधी साधे प्रश्न विचारले. जेवणात काय काय असतं? दूध किती? शुगरची गोळी किती वर्षांपासून? ॲसिडिटीची गोळी रोज घेतात का? ऐकू नीट येतं का? झोप कशी? अलीकडे मन उदास असतं का?

आई माळकरी. अंडं-मासळीचा प्रश्नच नाही. दुधानं कफ होतो म्हणून दूध सोडलेलं, चहातलं पडेल तेवढंच. शुगरची मेटफॉर्मिन बारा वर्षांपासून चालू आणि ॲसिडिटीची गोळी तीनेक वर्षांपासून. डॉक्टरीण बाईंनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या: हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आणि बी-बारा जीवनसत्त्व. बी-बारा आलं ११८. लॅबच्या कागदावर खालची मर्यादा दोनशेच्या आसपास छापलेली होती.

बी-बारा ही काय भानगड आहे, ते तेव्हा मला कळलं. हे जीवनसत्त्व कुठल्याही भाजीत, डाळीत, धान्यात मिळत नाही. ते सूक्ष्म जंतू तयार करतात आणि आपल्याला मिळतं ते दूध, दही, अंडी, मासळी, मटण यांतून. रक्त तयार व्हायला आणि नसांवरचं वेष्टण शाबूत राहायला ते लागतं. ते कमी पडलं की थकवा, जिभेची आग, हातापायाला मुंग्या, तोल जाणं, चिडचिड, विसराळूपणा असं काहीही होऊ शकतं. यकृतात त्याचा काही वर्षांचा साठा असतो, म्हणून आज दूध सोडलं तर त्रास उद्या दिसत नाही. वय वाढलं की पोटातलं आम्ल कमी होतं आणि अन्नातलं बी-बारा अंगी लागत नाही. मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्यानंही ते घटतं. म्हणजे आमच्या घरी तिन्ही कारणं एकाच ताटावर बसलेली होती. कुणी विचारलंच नव्हतं, एवढंच.

हे आमच्याच घरचं दुखणं आहे असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुणे परिसरातले खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ४४१ मध्यमवयीन पुरुष त्यांनी तपासले. त्यांतल्या ६७ टक्के जणांच्या रक्तात बी-बारा कमी होतं. आणि सगळ्यांत जास्त कमतरता कुणात? झोपडपट्टीत नाही, तर शहरी मध्यमवर्गात, ८१ टक्के! ताट भरलेलं असलं तरी बी-बारा रिकामं असू शकतं.

वर्धेकरांना या निमित्तानं एक जुनी गोष्ट आठवेल. गांधीजींनी गाई-म्हशीचं दूध घ्यायचं नाही असं व्रत घेतलं होतं. १९१८ च्या मोठ्या दुखण्यात अंगात त्राण उरलं नाही, तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली, की शेळीच्या दुधाला तर हरकत नसावी. गांधीजींनी स्वतः आत्मचरित्रात हे लिहून ठेवलंय, आणि व्रताचा शब्द पाळला पण भाव मोडला, ही रुखरुखही लिहिली आहे. १९३६ साली ते सेवाग्रामला राहायला आले तेव्हाही शेळीचं दूध होतंच. बी-बारा वेगळं काढणं शास्त्रज्ञांना जमलं ते १९४८ साली. त्याच्या कितीतरी आधी कस्तुरबांना एवढं कळलं होतं, की दूध पूर्ण सोडून या माणसाचं निभणार नाही. घरच्या बाईची नजर अशी असते. आपण ती डब्यावरच्या चित्राकडे वळवतो, ताटाकडे वळवत नाही.

आईंना इंजेक्शनं सुरू झाली, पुढे गोळ्या. तीन महिन्यांत तोल सावरला, मीठ एकदाच पडायला लागलं, देवळातून त्या एकट्या येऊ लागल्या. पायाच्या मुंग्या कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. कमतरता फार दिवस राहिली तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नसतं. मी विचारलं, आठ महिने आधी आणलं असतं तर? डॉक्टरीण बाई एवढंच म्हणाल्या, "लवकर आलेलं बरं असतं."

मग डब्यातल्या वस्तूंचं काय?

तुम्ही म्हणाल, बी-बारा म्हणजे तरी गोळीच ना? मग डब्यातल्या गोळीनं काय घोडं मारलंय? प्रश्न बरोबर आहे. फरक असा, की कमतरता असेल तर ती भरून काढणं हा उपचार आहे. कमतरता नसताना "स्मरणशक्तीसाठी" म्हणून वरून घालणं ही निराळी गोष्ट, आणि तिची परीक्षा जगात मोठ्या प्रमाणावर झालेली आहे.

बी गटाचंच घ्या. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१४ साली अकरा चाचण्या एकत्र करून पाहिल्या, सुमारे २२,००० माणसं. बी-बारा आणि फॉलिक ॲसिड सरसकट दिल्यानं त्यांच्या स्मरणशक्तीचा उतार थांबला नाही. दुसरी एक खबरदारीची गोष्ट: बी-बारा कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. म्हणून मनानं गोळी सुरू करायची नाही, आधी तपासणी.

गिंको. अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या ३,०६९ लोकांना सरासरी सहा वर्षं गिंको किंवा तशीच दिसणारी खोटी गोळी दिली. २००८ साली निकाल लागला: गिंकोनं स्मृतिभ्रंश टळला नाही. वर हा अर्क रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर घेतला तर रक्तस्राव वाढायची भीती.

ई जीवनसत्त्व. विसराळूपणा नुकता सुरू झालेल्या ७६९ लोकांवरचा तीन वर्षांचा अभ्यास २००५ साली आला. अल्झायमरकडे होणारी वाटचाल ई जीवनसत्त्वानं रोखली नाही. पुढे २०११ साली दुसऱ्याच एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी वाढला. "नुकसान तर काही नाही ना" असं आपण सहज म्हणतो, ते नेहमीच खरं नसतं.

ओमेगा-थ्री. निरोगी वृद्धांवरच्या तीन चाचण्यांचा, साडेतीन हजारांवर माणसांचा आढावा २०१२ साली घेतला गेला. मेंदूला फायदा दिसला नाही. आपल्या विदर्भात जवसाची चटणी भाकरीबरोबर पिढ्यान् पिढ्या खाल्ली जाते. जवसातही ओमेगा-थ्री असतं, जरी ते मासळीतल्यापेक्षा वेगळ्या प्रकारचं असलं तरी. चटणी चवीनं आणि पोटासाठी जरूर खा. विसराळूपणाचं औषध म्हणून ना चटणीकडे पाहा, ना कॅप्सूलकडे.

हळद. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्यात कर्क्युमिन भरपूर असतं याचा आपल्याला अभिमान आहे. तो असावाच. पण कर्क्युमिन पोटातून रक्तात फार कमी जातं, आणि अल्झायमरच्या रुग्णांवर झालेल्या २०१२ सालच्या एका छोट्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. भाजीतली हळद निर्धोक आहे. तिचा घट्ट अर्क कॅप्सूलमधून घेतल्यावर काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र आहेत.

ब्राह्मीवर माझा स्वतःचा जीव आहे. आजीनं ब्राह्मीचं तेल लावून वेण्या घातल्यात माझ्या. ब्राह्मीच्या अर्कावर थोड्या चाचण्या आहेत आणि काहींत शब्द लक्षात ठेवण्यात थोडी सुधारणा दिसली. पण त्यांत माणसं पन्नास-शंभर, काळ तीनेक महिन्यांचा. म्हातारपणचा स्मृतिभ्रंश त्यानं टळतो, असं म्हणायला एवढा आधार पुरत नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी एकांगी लिहिलं असं होईल. अमेरिकेतल्या अलीकडच्या एका अभ्यासात ६० वर्षांवरच्या लोकांना साधी रोजची मल्टिव्हिटॅमिन गोळी दिली. २०२२ ते २०२४ या काळात त्याचे निकाल आले. तीन भाग मिळून पाच हजारांवर माणसं, आणि गोळी घेणाऱ्यांची स्मरणशक्ती थोडीशी बरी निघाली. पण ही माणसं बहुतेक गोरी अमेरिकन. गोळीनं स्मृतिभ्रंश टळतो का, हे त्यात तपासलंच नव्हतं. आणि त्याआधी २०१३ साली जवळपास सहा हजार पुरुष डॉक्टरांवरच्या बारा वर्षांच्या अभ्यासात अशाच गोळीचा काही फायदा दिसला नव्हता. म्हणजे दार बंद नाही, थोडं किलकिलं आहे. त्यातही ती साधी मल्टिव्हिटॅमिन होती, १,४५० रुपयांचा डबा नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्टच लिहिलंय, की मेंदूचा उतार किंवा स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी बी व ई जीवनसत्त्वं, ओमेगा-थ्रीसारखी तेलं आणि मिश्र पूरक गोळ्या यांची शिफारस करू नये.

कायद्याच्या फटीतून

मग हे डबे विकले जातात कसे? आपल्याकडच्या १९४५ च्या औषध नियमांत एक परिशिष्ट आहे, 'जे' नावाचं. कुठलंही औषध अमुक अमुक गोष्टी बऱ्या करतं असा दावा करायचा नाही, अशी यादी त्यात आहे, आणि 'मेंदूची क्षमता वाढवणे व स्मरणशक्ती सुधारणे' हे त्या यादीत आहे. म्हणून असे डबे औषध म्हणून येतच नाहीत, अन्नपदार्थ म्हणून येतात. २०१६ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार त्यांच्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावं लागतं. आमच्या डब्यावरही ते होतं, पाठीमागे, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात. पुढे मोठ्या अक्षरात काय? 'मेंदूला पोषण, स्मृतीला साथ'. छापलेला शब्द सांभाळून लिहिलेला असतो. "महिन्याभरात फरक पडंल" हे बैठकीत तोंडानं सांगितलं जातं, आणि तोंडाच्या शब्दाची पावती नसते.

डबा उलटून पाहिला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. कोपऱ्यात मांसाहाराची तपकिरी खूण होती. ओमेगा-थ्री मासळीच्या तेलातलं होतं. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या बाईला मी आठ महिने माझ्या हातानं मासळीचं तेल दिलं. हे लिहायच्या आधी मी आईंना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तुले मालूम नोतं नं? मंग झालं तं." त्यांच्यापुरतं झालं असेल. मला ते अजून टोचतं.

ज्याचा उपयोग होतो

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं. पुरुषांत ५.८ टक्के, बायकांत ९. शहरांत ५.३, खेड्यांत ८.४. या आकड्यांत मला आमच्या आईच दिसतात. चौथीतून शाळा सुटलेली, खेड्यात वाढलेली बाई. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीनं २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी चौदा कारणं मांडली, जी माणसाला बदलता येतील अशी. सगळी हाताळली तर जवळपास निम्मे, म्हणजे ४५ टक्के रुग्ण टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. बालपणी कमी मिळालेलं शिक्षण, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखूचं धूम्रपान, दारू, लठ्ठपणा, बैठं राहणं, उदासी, एकटेपणा, डोक्याला मार, हवेतलं प्रदूषण. या यादीत 'डबा न घेणं' हे कारण कुठंही नाही.

फिनलंडमध्ये साठी-सत्तरीतल्या १,२६० लोकांपैकी निम्म्या जणांना दोन वर्षं चौरस आहार, व्यायाम, डोक्याला चालना आणि बीपी-शुगरवर लक्ष असं एकत्र दिलं. २०१५ चा निकाल सांगतो, त्यांची बुद्धी इतरांपेक्षा चांगली राहिली. तिथं एकच जादूची गोष्ट नव्हती, चार साध्या गोष्टी एकत्र होत्या.

म्हणून घरातलं माणूस विसरायला लागलं तर आधी डॉक्टर. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, डबे, चूर्णं एका पिशवीत घालून बरोबर न्या. बी-बारा, थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन यांबद्दल विचारा. कान आणि डोळे तपासा. मोतीबिंदू "पुढच्या वर्षी" करू नका. आणि मेटफॉर्मिन वाईट म्हणून मनानं बंद तर मुळीच करू नका. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाईन आहे. फसवणुकीची तक्रार १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला करता येते.

त्या चौघींच्या घरी मी जाऊन आले. दोघींनी डबा बंद केला. तिसरी रागावली, आणि तिचा राग रास्त आहे. चौथीच्या सासऱ्यांची तपासणी झाली. बी-बारा व्यवस्थित निघालं, त्यांना खरोखरचा अल्झायमर आहे. त्यावर थोडा आराम देणारी औषधं डॉक्टरांनी सुरू केली आहेत, बरं करणारं औषध नाही, हेही सांगितलंय. तिनं मला दारापर्यंत सोडलं आणि हळूच विचारलं, "ताई, त्या बाईनं एक तीन हजाराचा मोठा डबा सांगितला होता. तो मले नाही परवडला. तो घेतला असता तं बाबा वाचले असते का?"

मी म्हटलं, नाही. तीन हजाराच्या डब्यानंही नाही. तुझ्या हातून काही राहिलेलं नाही.

ती उंबऱ्यावरच बसली. पाच महिने हेच मनात घेऊन ती त्यांचं सगळं करत होती.